जमीन दाखवण्याचा कार्यक्रम

"फिरव! अरे फिरव! जेवला नाहीस का सकाळपासून? टांगा वळणावर आला!"

चेअरमन खाली उभे राहून ओरडत होते आणि मी पत्र्याच्या शेडवर चढून भोंग्याचा दांडा फिरवत होतो. दोन्ही हातांनी, दातओठ खाऊन. हा भोंगा चेअरमननी मुंबईच्या भंगारबाजारातून आणलेला. हाताने फिरवायचा, लढाईच्या दिवसांतला. आमच्या गोखिवऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा वीज नव्हती, यंत्र नव्हतं, कामगार नव्हता, मुळात कारखानाच नव्हता. पण भोंगा होता. मुंबईहून जागा बघायला येणाऱ्याला वाटावं की वा, इथे तर पाळी सुटते आहे, अशी त्यामागची कल्पना.

दांड्याने एकदाचा वेग घेतला. भोंगा आधी खोकला, मग कण्हला आणि मग त्याने असा काही टाहो फोडला की तुंगारेश्वराच्या डोंगरातली माकडं पळत सुटली ती थेट गुजरातच्या हद्दीत जाऊन थांबली. टांग्याचा घोडा दोन पायांवर उभा राहिला. आणि टांग्यातले शेठ? ते कुठे दिसेनातच. मी खाली उतरून पाहतो तर शेठ टांग्याखाली पालथे, कानांत बोटं, डोळे गच्च मिटलेले. बिचाऱ्यांनी बांगलादेशच्या लढाईत हवाई हल्ल्याची तालीम फार मन लावून केली होती.

चेअरमन वाकले, टांग्याखाली डोकं घातलं आणि अत्यंत आदराने म्हणाले, "या शेठ, या. आत्ताच पहिली पाळी सुटली."

त्या शेठनी जमीन पाहिलीच नाही. जेवढी पाहिली तेवढी नाकाने.

चेअरमनना सगळेच चेअरमन म्हणत. गावातले म्हणत, टांगेवाले म्हणत, माणिकपूरच्या चर्चमधले फादर म्हणत, आणि घरी त्यांची बायको, आमच्या काकी, त्याही म्हणत. "चेअरमन, पाणी निवतंय, उठा आंघोळीला," हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मूळचे ते वटारचे वाडीवाले. पिढ्यान्‌पिढ्या केळी, पानवेली आणि फुलं. नेसायला धोतर, वर काळा कोट, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. कोटाच्या एका खिशात सुकेळी आणि दुसऱ्या खिशातही सुकेळीच. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी म्हणजे त्यांचं व्हिजिटिंग कार्ड. मुंबईत एखाद्या कारखानदाराच्या केबिनमध्ये शिरले की आधी त्याच्या टेबलाच्या काचेवर ती काळपट, चिकट वस्तू ठेवायची आणि मग नाव सांगायचं. एका ऑफिसात ती उचलायला झाडूवाल्याला बोलावलं होतं. चेअरमन झाडूवाल्याशी अर्धा तास बोलले आणि त्यालाच एक प्लॉट घेण्याचा आग्रह करून आले.

हे कारखान्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते गावच्या पोरांकडे बघून. रोज सकाळी पोरं डबे घेऊन मुंबईच्या दिशेने निघत, रात्री चिपाडं होऊन परतत. कोण बटणं पाडायच्या कारखान्यात, कोण कंगवे कापायच्या. चेअरमन म्हणाले, "पोरांनी बटणांकडे का जायचं? बटणांना पाय नाहीत का? त्यांना इकडे बोलवू." मग त्यांनी गोखिवऱ्यात घरोघरी फिरून शेतकऱ्यांच्या भाताच्या जमिनी एकत्र केल्या, सोसायटी काढली, बांध मोडून प्लॉट पाडले, वर मुरूम टाकला आणि रस्त्याच्या तोंडाशी आमच्या शेडहून मोठा बोर्ड लावला. अंतराचा प्रश्न कुणी काढलाच तर त्यांचं उत्तर तयार असे. "चर्चगेट आणि गोखिवरे यांच्यामध्ये आहे काय? थोडी मुंबई. बाकी काही नाही."

आता यात मी कसा आलो? मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो आणि आमच्या घरात बसायलाही स्पर्धा होती. चेअरमननी मला नोकरीसाठी एकच प्रश्न विचारला, "आवाज मोठा आहे का?" मी "आहे" म्हणालो, ते इतक्या मोठ्याने की शेजारच्या घरातून कुणीतरी "कुठे आहे?" असं विचारलं. त्याच दिवशी मला नेमलं. हुद्दा : उद्योग आकर्षण अधिकारी. तशी पाटीही रंगवून शेडला लावली. त्या पाटीखाली बसून मी काय काय आकर्षित केलं सांगू? डास. पाली. एक कावीळ. आणि एकदा वाट चुकलेलं अख्खं वऱ्हाड, ज्याला चेअरमननी कामण गावाचा रस्ता सांगण्याआधी सगळे प्लॉट फिरवून दाखवले. नवरामुलगा कोपऱ्यातल्या प्लॉटबद्दल विचार करतो म्हणाला होता.

पण माझी नोकरी होती कच्ची. चेअरमनची अट स्पष्ट : "पहिला कारखाना आला की तू कायम." आणि या कायमवर माझं सगळं आयुष्य टांगलेलं. माणिकपूरला एक हेडक्लार्क राहत, त्यांची मुलगी तिथल्याच शाळेत शिकवायची. तिचं आणि माझं ठरलं होतं. म्हणजे आम्हा दोघांपुरतं ठरलं होतं. हेडक्लार्क मला रस्त्यात गाठत, चष्मा कपाळावर चढवत आणि फक्त एवढंच विचारत, "कायम झालात?" मी मान खाली घातली की चष्मा परत डोळ्यांवर येई आणि मी त्यांना दिसेनासा होई.

एकदा मी तिला म्हणालो, "समजा, कारखाना आलाच नाही तर?"

ती म्हणाली, "मग त्या जमिनीत पुन्हा भात लावतील. तुम्ही चिखलणीला थांबा. ते काम दरवर्षी असतं, म्हणजे कायमच की."

थट्टा करत होती, पण बोलली ती खरं. गोखिवऱ्याच्या शेतकऱ्यांचा धीर सुटत चालला होता. त्यांच्यातले थोर म्हणजे हिराजीबाबा. उभा जन्म भातशेतीत गेलेला. ते रोज संध्याकाळी येत, मुरुमावर उकिडवे बसत, आपला जुना बांध कुठे होता ते बोटाने हवेत आखत आणि विचारत, "चेअरमन, ह्या कारखान्याचा पीक कवा येनार?"

"येईल, बाबा, येईल. बी पेरलंय."

"पेरलाय तर उगवत का नाय? पानी कोन घालत नाय का?"

आणि एके दिवशी हिराजीबाबांनी सगळ्यांच्या वतीने सांगूनच टाकलं. पाऊस पडायच्या आत एक तरी कारखाना उभा राहिला पाहिजे. नाहीतर मुरूम खरवडून काढायचा, बांध घालायचे, भात लावायचं, आणि सोसायटी बंद. चेअरमन "ठीक आहे" म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी खिशातली सुकेळी कुणाला न देता स्वतः खाल्ली.

इथे मला चेअरमनची जमीन दाखवायची पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिच्यात आहे. वाडीवाला माणूस जमीन दाखवतो म्हणजे काय करतो? तिच्यावर काय येतं ते दाखवतो. मोजमापं, रस्ता, परवाने या गोष्टी त्याच्या लेखी नंतरच्या. पाहुणा आला की चेअरमन वाकून मुठीत माती घेत, हुंगत, चिमूटभर जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि उरलेली मूठ पाहुण्यापुढे धरत. "चाखा, शेठ. लाजू नका." आता हे शेठ कोण? तर कुणी पत्र्याचे डबे करणारा, कुणी सायकलच्या घंट्या करणारा. पॉलिश केलेल्या बुटांत उभे राहून ते त्या मातीकडे असे बघत की जणू चेअरमननी मुठीत विंचू धरलाय. एका रसायनवाल्याने मात्र खरोखरच चाखली. जिभेवर घोळवली, रुमालाने जीभ पुसली आणि म्हणाला, "क्लोराइड जास्त आहे."

चेअरमनना ती स्तुती वाटली. "ही तर नुसती वरची," ते म्हणाले. "खाली आणखी मिळेल."

उन्हाळा संपत आला तेव्हा मोठा मासा गळाला लागला. पंख्यांचे कारखानदार. मुंबईतली जागा अपुरी पडत होती, म्हणून स्वतः मोटारीतून जमीन पाहायला येणार होते. बातमी कळली आणि चेअरमनच्या अंगात वारं शिरलं. येरझाऱ्या घालत म्हणाले, "एवढा मोठा माणूस! त्याला हे उघडंबोडकं माळरान दाखवायचं? मुलगी दाखवताना अंगावर एक तरी दागिना नको?"

"दागिना म्हणजे काय, चेअरमन?" मी विचारलं.

"केळी!"

आदल्या दिवशी सकाळपासून वटारच्या त्यांच्या वाडीतून बैलगाड्या निघाल्या. घड लागलेल्या उभ्या केळी गड्ड्यासकट खणलेल्या, मुळांना ओली गोणपाटं बांधलेली. काकी दारात उभ्या राहून कपाळ बडवत होत्या. "चेअरमन, अहो माझी राजेळी! कुठे निघालात घेऊन?"

"सासरी!" चेअरमन गाडीवरून ओरडले.

दिवसभर मी केळी लावत होतो. बी.कॉम. झालेला माणूस, उद्योग आकर्षण अधिकारी, कमरेएवढे खड्डे खणून त्यात केळी उभ्या करत होतो. माझ्या सदऱ्यात एवढे मुंगळे शिरले की त्यांनी वेगळी सोसायटी काढली असती. केळीच्या चिकाचे डाग माझ्या एकुलत्या एका चांगल्या पँटवर पडले ते आजतागायत आहेत. पण संध्याकाळी उभं राहून पाहिलं तेव्हा खोटं कशाला बोलू, माझेही डोळे निवले. सगळ्या प्लॉटांच्या कडेने हिरवीगार रांग, प्रत्येकीच्या कमरेला घड. हिराजीबाबा आले, त्यांनी एक केळं नखाने टोचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता निघून गेले. त्यांना काय वाटलं असेल याचा विचार मी अजूनही टाळतो.

दुसऱ्या दिवशी मोटार आली. पंख्यांचे शेठ उतरले, दोन पावलं चालले आणि थबकले. समोर केळीबाग झुलत होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ये सब इधर उगता है?"

चेअरमनची छाती कोटात मावेना. "शेठ, ही माती म्हणजे सोनं. काठी रोवा, काठीला पानं येतात!"

शेठ हळूहळू पुढे गेले. एका घडावरून असा हात फिरवला, जसा नातवाच्या डोक्यावरून फिरवतात. त्यांचा आवाज जड झाला. त्यांच्या आईची गावाकडे अशीच बाग होती म्हणाले. मग वळून मॅनेजरला म्हणाले, "इधर फॅक्टरी नहीं डालेंगे. पाप लगेगा. सारे प्लॉट ले लो. बगीचा बनाएंगे."

सगळे प्लॉट! मी मनातल्या मनात बोहल्यावर चढलो. पण चेअरमनचा चेहरा असा पडला की जणू कुणी त्यांच्या हातातून घास काढून घेतला.

"बाग?" ते म्हणाले. "शेठ, बाग नको. बाग माझ्याकडे आहे. मला कारखाना पाहिजे. पोरांना काम पाहिजे!"

"अरे, ऐसी जमीन में मशीन कौन डालता है?"

"अशी नाहीच मुळी जमीन!" चेअरमन किंचाळले. "शेठ, तुमची शपथ, इथे काही उगवत नाही! गवत उगवत नाही! बघा!" आणि धोतराचा काचा मारून ते पहिल्या केळीवर धावले. खांदा लावला. केळ घडासकट आडवी. गोणपाट बांधलेला गड्डा आभाळाकडे बघू लागला. "बघा, एक मूळ धरलेलं नाही!" दुसरी आडवी. "ही पण मेली!" तिसरी. "एकदम नापीक आहे, शेठ! कारखान्याशिवाय कशालाच लायक नाही!" रांगेच्या शेवटापर्यंत ते धापा टाकत पाडत गेले, आणि मी मागून प्रत्येक केळीपुढे "बरोबर, बरोबर" म्हणत मान हलवत गेलो, कारण अधिकारी म्हणून काहीतरी करणं भाग होतं.

धुरळा बसला. शेठनी पडलेल्या केळी पाहिल्या, गोणपाटं पाहिली. मग त्यांची नजर वर गेली, शेडवरच्या भोंग्याकडे.

"और वो सायरन?" त्यांनी मला विचारलं.

खरं म्हणजे इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला स्वतःहून काही विचारलं याचाच मला अभिमान वाटला. "तो मीच वाजवतो, शेठ," मी म्हणालो. "हाताने."

मोटार वळायला जेवढी जागा लागते तेवढीही न घेता वळली.

त्यानंतर चेअरमन यायचेच थांबले. घरी ओट्यावर बसून असत. काकींनी सांगितलं, कोट खुंटीवर टांगलाय, त्याला हात लावत नाहीत. मी भेटायला गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरं अजून डबे घेऊन जातायत ना रे सकाळी?" मी "हो" म्हणालो. "मग मी केलं काय?" म्हणाले. हा माणूस ओरडत असला की मला त्याची भीती वाटत नसे. त्या दिवशी वाटली. गोखिवऱ्याला हिराजीबाबांनी बियाणं उन्हात घातलं होतं. आम्ही गावभर पाडलेली केळी खात होतो : पिकलेली, कच्ची, भाजी करून, तळून. हेडक्लार्कांकडेही मी एक घड घेऊन गेलो. तो त्यांनी ठेवून घेतला, मला मात्र परत पाठवलं.

अशा एका रणरणत्या दुपारी मी शेडमध्ये टेबलावर डोकं टेकून बसलो होतो, तेव्हा छत्री घेतलेला एक बुटका, घामेजलेला माणूस चालत आला. स्टोव्हच्या पिना करतो म्हणाला. रॉकेलच्या स्टोव्हचं तोंड साफ करायच्या त्या पत्र्याच्या पिना, घरोघरी असायच्या तेव्हा. भोंग्याचा दांडा कधीच अडकला होता, सुकेळी नव्हती, चेअरमन नव्हते, आणि मला उठून उभं राहायचाही कंटाळा आला होता.

"लाइट हाय?" त्याने विचारलं.

"खांब आहेत. तारा यायच्यात."

"पाणी?"

"विहीर आहे. उन्हाळ्यात आटते."

"रस्ता?"

"तुम्ही आलात तोच."

"ही शेड कोणाची?"

"ऑफिस आहे."

"ही मला द्या," तो म्हणाला. "माझे प्रेस हातानेच चालतात. सोमवारपासून चालू करतो. एक अट. वरती तो भोंगा हाय ना, तो काढा. माझं डोकं दुखतं."

मला वाटलं, पंख्यांच्या शेठनी थट्टा करायला पाठवलाय. पण सोमवारी टेम्पो आला. हाताने दाबायचे प्रेस उतरले. माझं ऑफिस चिंचेखाली गेलं, पाटीसकट. कुणीतरी वटारला निरोप नेला आणि चेअरमन सायकलवरून धापा टाकत आले. एका गालावर दाढीचा साबण तसाच, अंगात कोट उलटा. येताच त्यांनी मुठीत माती घेतली आणि शेठपुढे धरली. बुटक्या शेठने चिमूट तोंडात टाकली, "चालेल" म्हणाला आणि कामाला लागला. पहिला प्रेस खाली आला, खट्ट आवाज झाला आणि एक पिन पडली. हिराजीबाबांनी ती उचलली, उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिली. "येवढासाच पीक?" म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचीच सून पुड्या बांधायला कामावर आली, आणि गल्लीतली चार पोरं डबे घेऊन मुंबईऐवजी आमच्या चिंचेकडे वळली. बियाणं बाबांनी घरात उचलून ठेवलं. पुढे तारा आल्या, गाळे उठले, एकामागून एक कारखाने लागले. आज तिथे उभं राहायला जागा मिळत नाही. पण ते पुढचं.

मी कायम झालो. हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावर नेला तो लग्न लागेपर्यंत खाली आणला नाही. माणिकपूरला पंगत बसली तेव्हा पिनांचे शेठही आले होते. चेअरमन स्वतः वाढायला. जिलबीचं ताट घेऊन ते शेठच्या पानापुढे येऊन जे थांबले ते हलेचनात. त्यांना इतके दिवस आतून पोखरणारा प्रश्न होता तो. आपण एवढं सगळं केलं. बोर्ड, भोंगा, माती, केळी. मग यातल्या नेमक्या कशाने हा माणूस इथे आला? ते कळलं असतं तर तेच आणखी मोठं करून त्यांना सगळी मुंबई उचलून आणायची होती.

"शेठ," त्यांनी एवढ्या मोठ्याने विचारलं की अख्खी पंगत जेवायची थांबली, "आज खरं सांगा. एवढी मुंबई सोडून तुम्ही गोखिवऱ्यालाच का आलात?"

मीही मुंडावळ्या बाजूला करून कान दिला. शेठने तोंडातली जिलबी सावकाश संपवली, पाण्याचा घोट घेतला.

"माझा मेव्हणा पैसे मागायला अंधेरीच्या पुढे येत नाय," तो म्हणाला.